आधी बाळ की आधी नर्सिंग? इंदूरच्या ताईंना उत्तर

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका ताईंनी लिहिलंय. वय 29, बारावी सायन्स, एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर नोकरी, पगार 16,500. मिस्टर पीथमपूरच्या कारखान्यात, हातात 38,000 येतात. मुलगी चार वर्षांची. राहतं घर सासऱ्यांचं, एफडी 3,10,000 ची. नर्सिंग करायचं लग्नाआधीपासून मनात आहे आणि दुसरं मूलही हवंय. प्रश्न असा: "यंदा अ‍ॅडमिशन घेतली आणि दुसऱ्या वर्षात बाळ झालं, तर दोन्ही एकदमच होऊन जाईल ना?"

ताई, दोन्ही होईल, पण एकदम करायला जाऊ नका. नर्सिंगमध्ये नुसती लेक्चर्स नसतात. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते, आणि डिग्री हातात पडण्याआधी वॉर्डातली प्रॅक्टिकलची ड्यूटी 100 टक्के भरून द्यावी लागते. बाळंतपणात बुडालेले तीन-चार महिने नंतर भरून काढायचे म्हणजे तुमची बॅच पुढे जाणार आणि तुम्ही मागे राहणार. एका वर्षाची फी वाढली, वर वर्षभराचा पगारही बुडाला. शिवाय विद्यार्थिनीला पगारी रजा कोण देणार?

आता खर्चाकडे येऊ. तुम्ही वर्षाची फी 85,000 लिहिलीत. बस, गणवेश, पुस्तकं धरून 1,05,000 म्हणू. बीएस्सीच्या चार वर्षांचे 4,20,000 झाले. सगळे इथेच थांबतात. पण नोकरी सोडल्यावर चार वर्षांत तुमचा जो पगार येणार नाही तो 7,92,000, म्हणजे फीच्या जवळजवळ दुप्पट. कोर्सची खरी किंमत बारा लाखांच्या वर आहे. ती कॉलेजच्या पत्रकात कुठे लिहिलेली नसते, म्हणून मी ती आधी मांडली.

त्या बदल्यात मिळेल काय? भोपाळच्या एम्समधल्या पगाराचा आकडा तुम्ही पत्रात लिहिलाय. केंद्राच्या नर्सिंग ऑफिसरचा मूळ पगार 44,900 पासून सुरू होतो, हे खरं. पण एम्सच्या त्या परीक्षेला, नॉरसेटला, खुल्या गटात वयाची अट 30 आहे. आज कोर्स सुरू केलात तरी संपेपर्यंत तुम्ही तेहतिशीत असाल. आरक्षणाची सवलत मिळत असेल तर बघा, नाहीतर तो आकडा हिशोबातून काढून टाका. मध्य प्रदेश सरकारच्या भरतीत महिलांना 45 पर्यंत संधी असते, तिच्यावर नजर ठेवा. सुरुवात मात्र खासगी हॉस्पिटलपासून होईल असंच धरा. तिथे तुम्हाला 20,000 सांगितलेत, म्हणजे आजच्यापेक्षा 3,500 जास्त. वाढ पुढे होते, अनुभव आणि आयसीयूचं काम आल्यावर.

आणि याच आकड्यावर माझं मत ठरलं: आधी बाळ, मग कोर्स.

कोर्स दोन वर्षं पुढे ढकलला तर तुमचं नुकसान किती? महिना 3,500 प्रमाणे 84,000. आणि आजची नोकरी हातात असताना बाळ झालं तर? तुमच्या पगाराच्या स्लिपवर ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचे, 124 रुपये कापलेले दिसत असतील, ती ओळ नीट बघा. ती असेल तर तुम्हाला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे, म्हणजे सुमारे 99,000. बाळंतपण नंदानगरच्या ईएसआय हॉस्पिटलात होऊ शकतं, त्याचा खर्च वेगळा नाही. अट एवढीच की आधीच्या दोन अंशदान काळांत, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा सहामाह्यांत, निदान 70 दिवसांची वर्गणी भरलेली हवी. नोकरी सोडून कॉलेजात गेलात की हा हक्क संपला. कोर्सनंतरच्या नोकरीत तो पुन्हा मिळेलही, पण तेव्हा तुमचं वय चौतीस-पस्तीस असेल, आणि नवी नोकरी कंत्राटी निघाली तर रजेसाठी भांडावं लागेल.

दुसरं कारण सासूबाई. त्या 62 वर्षांच्या आहेत, मुलीला आज त्याच सांभाळतात. तान्हं मूल पाच वर्षांनी त्यांच्या मांडीवर देण्यापेक्षा आता दिलेलं बरं. पण त्यांना स्पष्ट विचारा, तेही मिस्टरांच्या समोर: सकाळच्या पोस्टिंगला मी पहाटे निघाले, मिस्टर कंपनीच्या बसने गेले, की दोन्ही मुलांचं डबा, शाळा, आजारपण तुम्हाला झेपेल का? त्यांनी मान डोलावली म्हणजे होकार समजू नका. जमणार नाही म्हणाल्या तर दुपारपर्यंतच्या बाईचे पैसे हिशोबात धरावे लागतील, आणि मग खालची गणितं बदलतील.

आज तुमचा महिन्याचा खर्च असा: घर 26,000, शाळा 3,500, स्कूटरचा हप्ता 3,200, सुकन्या 5,000, भिशी 3,000. एकूण 40,700, आणि दोघांचे पगार धरून 13,800 उरतात. दोन वर्षं हे जपलेत तर सव्वातीन लाख होतात. बाळाचा खर्च वजा जाऊन अडीच लाख तरी राहतील. एफडी धरून साडेपाच. त्यातले दोन लाख अडीअडचणीचे, त्यांना हात लावायचा नाही. कोर्स सुरू होईल तेव्हा चालू भिशी संपवून नवी लावू नका. सुकन्येत वर्षाला किमान 250 भरले तरी खातं चालू राहतं. मुलीचं काही बुडत नाही, पुढे जास्त भरता येतं. तोवर स्कूटरही फिटलेली असेल. बाळाचे महिना 5,000 धरूनही मिस्टरांच्या पगारातून 3,500 उरतात. फीसाठी महिन्याला 8,750 लागतात, म्हणजे 5,250 कमी पडतात. चार वर्षांचे 2,52,000, ते उरलेल्या साडेतीन लाखांत बसतात. कर्ज काढायची गरज नाही. काढावंच लागलं तर एज्युकेशन लोन घ्या, सराफ्यात दागिने गहाण ठेवू नका.

सरकारी जागा मिळाली तर हे सगळं हलकं होतं. म्हणून बाळ वर्षाचं होईपर्यंत पीएनएसटीची, म्हणजे राज्याच्या बीएस्सी नर्सिंग प्रवेश परीक्षेची, तयारी करा, बायोलॉजी विसरायला झालं असेल. सरकारी जागा नाही मिळाली तर तीन वर्षांचं जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, माझ्या मते तुम्हाला जास्त सोयीचं: एक वर्ष कमी म्हणजे पगार आणि फी मिळून तीन लाख वाचतात, आणि पुढे पोस्ट बेसिक बीएस्सी, म्हणजे डिप्लोमानंतरची डिग्री, दोन वर्षांत करता येते. जीएनएमला वयाची मर्यादा 35 आहे, तुम्ही तिच्या आत आहात. फार रेंगाळू मात्र नका.

खासगी कॉलेज घेताना डोळ्यात तेल घालून बघा. आपल्या राज्यात हायकोर्टाने नर्सिंग कॉलेजांची चौकशी सीबीआयकडे दिली, आणि 2024 मध्ये चौकशी करणाऱ्यांपैकीच काहींना लाच घेताना पकडलं. मधल्या मध्ये मुलींच्या परीक्षा वर्षानुवर्षं अडकल्या. अशी दोन वर्षं तुमच्या हिशोबात बसणार नाहीत. कॉलेजचं स्वतःचं 100 खाटांचं हॉस्पिटल आहे म्हणतात ना? सकाळी अकराला तिथे जाऊन वॉर्डात पेशंट आहेत का बघा. शेवटच्या वर्षाच्या मुलींना गाठून पहिल्या वर्षाची परीक्षा कधी झाली ते विचारा. पैसे भरायच्या आधी त्या वर्षाच्या मान्यतेचं पत्र मागा.

राजीनामा देण्याआधी दोन कामं उरतात. ईएसआय बंद झाल्यावर तुमचा आणि मुलांचा दवाखाना कोण भरणार? मिस्टरांच्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुम्हा तिघांची नावं आहेत का ते एचआरकडून लेखी घ्या. नसतील तर फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची एकच आरोग्य पॉलिसी, आधी काढा. आणि मिस्टरांचा टर्म इन्शुरन्स, निदान 50 लाखांचा, याच महिन्यात. पुढची काही वर्षं पाच-सहा माणसं एका पगारावर असणार आहेत.