आपण निवडलेला अनोळखी माणूस

बोरिवलीहून पत्र लिहिणाऱ्या वाचक भगिनींस,

सप्रेम नमस्कार.

इतर वाचकांसाठी तुमचे पत्र थोडक्यात सांगते. गिरगावातील चाळीत सारा संसार झाल्यावर, यजमानांच्या निधनानंतर तुम्ही बोरिवलीच्या एका इमारतीत अकराव्या मजल्यावर एकट्या राहता. चिरंजीव नोकरीनिमित्त बंगळुरूला असतात. एका संध्याकाळी फोन आला. गॅसचे बिल थकले आहे, आज रात्रीच जोडणी तोडली जाईल, असे सांगून त्या माणसाने व्हॉट्सअॅपवर एक फाइल पाठवली. ती तुम्ही उघडली, तो सांगेल तसे केले आणि खात्यातून 18,400 रुपये गेले. चिरंजीवांनी 'झाले ते विसर' म्हणून तुमच्या फोनवरचे पैशांचे अॅप काढून टाकले, सगळी बिले स्वतः भरायला घेतली आणि अनोळखी माणसाशी बोलायचेच नाही, असे बजावले. त्यानंतर दादर स्थानकात तुम्हाला चक्कर आली तेव्हा एका मुलीने हात धरून बाकावर बसवले, स्वतःच्या बाटलीतले पाणी पुढे केले, 'काकू, घरापर्यंत सोडते' म्हणाली, आणि तुम्ही तिचा हात झिडकारलात. मुलाचे म्हणणे बरोबर आहे का आणि या वयात माणसे ओळखायला नव्याने शिकता येते का, असे तुम्ही विचारता. ताजा कलम म्हणून इमारतीतील भिशीचेही विचारले आहे.

आधी व्यवहाराचे पाहू. तुम्ही तक्रार केल्याचा उल्लेख पत्रात नाही. केली नसेल तर आजच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेलाही लेखी कळवा. असा पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात झपाट्याने फिरवला जातो, म्हणून पहिल्या काही तासांतली तक्रार सर्वांत उपयोगी असते. उशीर झाला असला तरी नोंद हवीच. शिवाय ती फाइल उघडल्यावर फोनमध्ये काहीतरी बसले असण्याची शक्यता आहे. पैशांचे अॅप काढल्याने ते जात नाही. फोन जाणकाराकडून पूर्ण साफ करून घ्या आणि बँकेचे पासवर्ड व पिन बदला.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते. चाळीत दारे दिवसभर सताड उघडी असत आणि तिथे आम्ही सगळ्यांवर विश्वास ठेवत होतो, असे तुम्ही लिहिले आहे. मला हे पूर्ण पटत नाही. चाळीच्या जिन्यावर नवा चेहरा दिसला की पहिल्या मजल्यावरची कोणीतरी बाई तांदूळ निवडता निवडता मान वर करून विचारायची, 'कोण पाहिजे?' नाव सांगितले की पुढचा प्रश्न, 'काय काम होते?' दुसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत त्या माणसाची निम्मी चौकशी झालेली असे. दारे उघडी ठेवता येत होती, कारण गॅलरीत डोळे आणि तोंडे जागी होती. त्या फोनवरच्या माणसाला तुम्ही हेच विचारले नाहीत, आणि विचारायला शेजारी कोणी नव्हते. तेव्हा तुमची माणसे ओळखण्याची जाण गेली, असे मानू नका. ती एकटीने वापरायची सवय तुम्हाला कधी लागलीच नव्हती, कारण तशी वेळ आली नव्हती.

अनोळखी माणसांत मी एक भेद करते. काही माणसे आपण निवडतो आणि काही आपल्याला निवडतात. फलाटावरच्या गर्दीत तुम्ही स्वतः एखाद्या बाईला 'ही विरारला जाते का हो?' असे विचारता, तेव्हा ती लबाड निघण्याची शक्यता नगण्य असते. लबाड माणूस नेमका तुम्ही विचाराल त्याच जागी उभा राहून वाट पाहत नसतो. जो आपणहून तुमच्याकडे येतो, त्याने मात्र तुम्हालाच का गाठले हा प्रश्न शिल्लक राहतो. या शहराच्या तथाकथित 'स्पिरिट'बद्दल बोलण्याचा मला मनापासून कंटाळा आहे, परंतु 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला, त्या रात्री अडकलेल्या कितीतरी जणी परक्या घरांत राहिल्या, हे खरे आहे. त्यांतल्या अनेकींनी दार स्वतः निवडून ठोठावले होते.

मग दादरची मुलगी? तीही आपणहून आली होती, असे तुम्ही म्हणाल, आणि तो आक्षेप योग्य आहे. म्हणून दुसरी गोष्ट पाहावी लागते: समोरचा मागतो काय, आणि तो खोटा निघाला तर आपले जाते काय. गॅसवाल्याला घाई होती. रात्र होण्याच्या आत करा, फोन ठेवू नका, असा त्याचा धोशा होता. तुम्ही 'थांबा, बिलावरच्या नंबरवर फोन करून विचारते' एवढे म्हणाला असता तर तो चिडला असता किंवा गोड बोलून तुम्हाला रोखले असते. खऱ्या कार्यालयातल्या माणसाला तुम्ही खातरजमा केल्याने काही फरक पडत नाही. त्या मुलीने तुमच्याकडे काहीच मागितले नव्हते. तिचा हात धरून शंभर माणसांसमोर बाकावर बसण्यात धोका नव्हता. सुटे पाणी न घेता स्टॉलवरची सीलबंद बाटली मागवली असती तर ते शहाणपणाचे होते आणि तिलाही वाईट वाटले नसते. परक्याने दिलेले काही खाऊ-पिऊ नका असे सगळेच सांगतात. महिलांच्या डब्यात बोरिवलीपर्यंत सोबत, हेही चालले असते. अकराव्या मजल्यावरच्या दारापर्यंत मात्र नाही. इमारतीच्या फाटकाशी वॉचमनसमोर आभार मानून निरोप घ्यायचा. विश्वास असा पायरीपायरीने देता येतो. तुम्ही आणि तुमच्या चिरंजीवांनी तो पूर्ण द्यायचा किंवा मुळीच द्यायचा नाही, असे ठरवून टाकले आहे. झिडकारल्याची रुखरुख मात्र सोडा. लोकलने जाणाऱ्या मुली रोज याहून अधिक ऐकून घेतात.

चिरंजीवांबद्दल बोलते. त्यांच्या काळजीबद्दल मला शंका नाही. तरीही पुढच्यास ठेच, मागचा शहाणा ही म्हण तुमच्या घरात फारच शब्दशः खरी झाली आहे. ठेच तुम्हाला लागली आणि शहाणपण बंगळुरूला गेले. जो अनुभव तुम्ही 18,400 रुपये मोजून घेतला, त्याचा उपयोग करण्याची संधीच तुमच्याकडून काढून घेण्यात आली. उद्या चिरंजीव मीटिंगमध्ये असताना वेगळ्या आवाजात वेगळी थाप मारणारा फोन आला, तर तुम्ही आजच्यापेक्षाही कच्च्या असाल.

म्हणून एक काम करा. तो फोन पहिल्या शब्दापासून आठवून वहीत लिहून काढा: तो काय म्हणाला, तुम्ही काय म्हणालात, तेव्हा तुम्ही काय करत होता. फसवली गेलेली माणसे बहुतेक वेळा सांगतात की मध्येच कुठेतरी मनात पाल चुकचुकली होती. ते वाक्य शोधा. बिल तर मागच्याच आठवड्यात भरले होते, असे तुम्हीच पत्रात ओझरते लिहिले आहे. मला वाटते पाल तिथेच चुकचुकली असावी, आणि पुढे त्याच्या घाईने ती दाबली गेली. पुढच्या वेळी तुमच्या कामी येईल ते हेच वाक्य. कोणी दिलेल्या सूचनांची यादी त्या क्षणी आठवत नाही.

दुसरे म्हणजे, निराळ्या बँकेत एक छोटे खाते उघडा, त्यात तीन-चार हजारांहून अधिक ठेवू नका आणि फोनवर पैशांचे अॅप फक्त त्याच खात्याला जोडा. भाजीवाल्याकडे, किराणा दुकानात, रिक्षात स्वतः पैसे द्या. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर नाव येते ते मोठ्याने वाचा, 'हे तुमचेच ना?' असे विचारा, मग पिन टाका आणि दुकानातला तो छोटा डबा रक्कम बोलून दाखवेपर्यंत थांबा. मागे रांग खोळंबली तर खोळंबू द्या. पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे चार वेळा हाताने केल्यावर जसे कळते तसे माझ्या लिहिण्याने कळणार नाही. काही चुकलेच तर जाणारी रक्कम तुम्ही आधीच ठरवलेली असेल.

चिरंजीवांना हे सगळे सांगा, परंतु वाद घालू नका. मुख्य खाते आणि मुदतठेवी त्यांच्या नजरेखाली राहू द्या. तेवढा त्यांचा हक्क मला मान्य आहे.

राहिली भिशी. इमारतीतल्या, सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या बारा जणींची, दरमहा 2,000 रुपयांची. यात कोणी वाईट आहे असे मी म्हणत नाही, पण हिशेब पाहा. जिची चिठ्ठी पहिल्या महिन्यात निघते ती 2,000 भरून 24,000 घेऊन जाते. जिची शेवटी निघते तिने अकरा महिन्यांत 22,000 निव्वळ भरवशावर दिलेले असतात आणि हातात कागद नसतो. दोन महिन्यांच्या ओळखीला हे फार झाले. त्यांच्याबरोबर फिरायला जा, चहाचे पैसे कोण काढते आणि कोणाला दर वेळी पर्स सापडत नाही ते पाहा, मागची भिशी कोणाकडे अडकली होती ते दोघी-तिघींना वेगवेगळे विचारा. त्यांच्यातच 500 रुपयांची छोटी भिशी निघाली तर जरूर घ्या. नंबर शेवटी आला तरी पणाला 5,500 रुपयेच लागतील. त्यासाठी चिरंजीवांची परवानगी मागू नका, नुसते कळवा.

तुमची,
स्तंभलेखिका