जुन्या लष्करी गाड्यांचे अस्सल भाग: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात आम्ही जुन्या लष्करी ट्रक आणि जीपबद्दल प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रांचा सूर एकच होता: ‘मूळ भाग कुठे मिळेल?’ पत्ता विचारण्याआधी नेमका कोणता भाग हवा आहे आणि तो खरंच बदलायला हवा आहे का, हे ठरवावं लागतं. म्हणून उत्तरांत पत्त्यांपेक्षा मापं आणि नंबर जास्त आहेत.

प्रश्न: आमच्याकडे दुसऱ्या महायुद्धातला डॉज वेपन कॅरियर, डब्ल्यूसी-५१ आहे. रेडिएटरला नवा कोअर घातला, वॉटर पंप नवा बसवला, थर्मोस्टॅट बदलला. तरी घाट लागला की इंजिन उकळतं. ब्लॉक गेला, दुसरा टी-२१४ ब्लॉक शोधा, असं मिस्त्री सांगतो. तो कुठे मिळेल? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: ब्लॉक इतक्यात शोधू नका. टी-२१४ हे २३० घनइंचाचं, सहा सिलेंडरांचं साइड व्हॉल्व्ह इंजिन, म्हणजे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये असतात. त्याच्या ब्लॉकच्या पोटात, वॉटर पंपाच्या मागे, पत्र्याची लांब चपटी नळी असते. पंपाचं थंड पाणी या नळीतून मागपर्यंत जातं आणि तिच्या भोकांतून थेट एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटभोवती पडतं. नळी गंजून फुटली किंवा गाळाने बुजली की पाणी पुढच्या सिलेंडरांभोवतीच फिरतं आणि मागची सिलेंडरं तापतात. बाहेरून काहीच दिसत नसल्यामुळे रेडिएटर, पंप सगळं बदलून होतं, पण नळीकडे कुणाचं लक्ष जात नाही.

आधी खात्री करा. इंजिन गरम झाल्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने हेडवर पुढून मागे एकेका सिलेंडरपाशी तापमान घ्या. मागे जाताना ते ठळकपणे चढत असेल, तर नळीचाच संशय धरा. मग रेडिएटर आणि पंप काढा. पंपाच्या मागच्या तोंडात नळीचं टोक दिसतं. टोकाला आकडा केलेली लांब सळई आत घालून ती सरळ रेषेत पुढे ओढायची. गंजलेली नळी एका ओढीत येत नाही. रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरवा आणि तुकड्यातुकड्यांनी काढायची तयारी ठेवा. पहार घालून ठोकू नका, आतलं ओतीव तडकतं. नळी निघाली की बाजूचे वेल्श प्लग (ब्लॉकच्या भोकांवर ठोकून बसवलेली पत्र्याची झाकणं) काढून मागच्या भागातला गाळ खरवडा आणि ब्लॉक पाण्याच्या दाबाने धुवा. ही पायरी टाळली तर नवी नळीही लवकरच बुजेल.

जुन्या नळीचे तुकडे फेकू नका. कागदावर ओळीने जुळवून भोकांची जागा, माप आणि दिशा उतरवून घ्या. पितळी पत्र्याची नळी चांगला पत्रेकारागीर करून देतो. भोकं मात्र मूळ जागीच हवीत. तयार नळी मागवायची असेल तर आधी हेडची लांबी मोजा. क्रायस्लर घराण्याच्या या इंजिनांचे दोन गट आहेत: हेड सुमारे २३ इंच आणि सुमारे २५ इंच. टी-२१४ पहिल्या गटातलं. डिसोटो, मोठ्या क्रायस्लर आणि कॅनडात बनलेल्या डॉज-फार्गोंची इंजिनं दुसऱ्या गटातली. त्यांची नळी, हेड, हेड गॅस्केट यातलं काहीच तुमच्या इंजिनाला बसणार नाही.

एवढं करूनही ब्लॉक खरंच तडकलेला निघाला, म्हणजे व्हॉल्व्ह सीट आणि बोअरच्या मध्ये चीर आढळली, तर शोध ‘मिलिटरी डॉज’ या नावापुरता ठेवू नका. प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, फार्गो, डिसोटो या तिन्ही नावांनी ट्रक बनत, शिवाय डॉज आणि प्लिमथ मोटारी. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या जुन्या गोदामांत या घराण्याचे भाग मोटारींच्या नावाने पडलेले असू शकतात. ब्लॉक दिसला की आधी डाव्या बाजूला पुढे, जनरेटरच्या वरच्या सपाट जागेवर कोरलेला इंजिन नंबर वाचा. मग स्ट्रोक तपासा, कारण २१८ आणि २३० घनइंचाचे ब्लॉक बाहेरून सारखेच दिसतात आणि दोन्हींचा बोअर सव्वातीन इंचच असतो. हेडवर सहाव्या सिलेंडरच्या माथ्यावर एक लहान प्लग असतो. तो काढून सरळ तार पिस्टनवर उभी टेकवा आणि क्रँक हाताने फिरवा. तार ११७.५ मिमी वरखाली झाली तर २३० चं इंजिन, १११ मिमी झाली तर २१८ चं. २१८ चा ब्लॉक मिळाला तरी चालेल, पण तुमचा क्रँक आणि कनेक्टिंग रॉड दोन्ही त्यात घालावे लागतील. नुसता क्रँक बदलून भागत नाही.

प्रश्न: हरियाणातल्या मंडी डबवालीचा एक व्यापारी ‘अस्सल वॉरटाइम फोर्ड जीप’ देतो म्हणतो. फोटोत ठीक दिसते. ती महिंद्राची नाही, हे कसं ओळखायचं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: फोटोवर जाऊ नका. डबवालीत जीप बांधणारे कारागीर हुशार आहेत, ते हव्या त्या रूपाची जीप उभी करून देतात. तुम्ही चॅसी, इंजिन आणि अ‍ॅक्सल वेगवेगळे तपासा.

पुढच्या बंपरमागे, रेडिएटरच्या खाली चॅसीचा आडवा दांडा पाहा. विलीजच्या युद्धकालीन जीपला, म्हणजे एमबीला, तिथे गोल पाइप असतो; फोर्डच्या जीपला, म्हणजे जीपीडब्ल्यूला, उलट्या खोलगट पन्हाळीसारखा चॅनेल. जीपीडब्ल्यूचा नंबर चॅसीच्या डाव्या दांड्यावर, वरच्या अंगाला पुढच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या आसपास कोरलेला असतो. रंग खरवडून तो स्वतः वाचा. त्या जागी ग्राइंडरचे ओरखडे किंवा वेल्डिंगचा थर दिसला तर सौदा तिथेच थांबवा. असा नंबर पुन्हा कोरून घेणं हा गुन्हा आहे आणि आरसी बुकशी तो जुळला नाही तर गाडी रस्त्यावर येणार नाही.

इंजिनावर तेलाच्या फिल्टरजवळ एमबी किंवा जीपीडब्ल्यू ही अक्षरं आणि पुढे आकडे असतात. बोल्टच्या डोक्यांवर आणि कंसांवर फोर्डचा तिरका ‘एफ’ असतो, पण असे बोल्ट आता नव्याने बनवून विकले जातात; एवढ्यावर विश्वास टाकू नका. महिंद्राने बनवलेल्या सीजे-३बी जीपचं इंजिन चटकन ओळखू येतं: इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये असतात, त्यामुळे माथ्यावर व्हॉल्व्ह कव्हर असतं. युद्धकालीन इंजिनाचं हेड सपाट असतं.

अशा जीपमध्ये मिसळण झालेलीच असते. त्यात एक मिसळण धोक्याची आहे. एमबी आणि जीपीडब्ल्यूचा कॅमशाफ्ट साखळीने फिरतो, नंतरच्या इंजिनांचा गिअरने. गिअरवरचा कॅम उलट दिशेने फिरतो, म्हणून त्याच्या ऑइल पंपाच्या गिअरचे दातही उलट्या वळणाचे असतात. साखळीवाल्या इंजिनाला नंतरचा ऑइल पंप चालणार नाही. पंप घेताना दातांचं वळण जुन्या पंपाशेजारी ठेवून जुळवा.

पुढच्या अ‍ॅक्सलमधले जॉइंटही चार जातींचे होते: बेंडिक्स, झेप्पा, ट्रॅक्टा आणि स्पायसर. डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा निघाला तर दोन्ही शाफ्ट एका जातीचे करा.

प्रश्न: कुर्ल्याच्या एका दुकानात जीपचे व्हील सिलेंडर आणि मास्टर सिलेंडर मेणकागदात गुंडाळलेले, न वापरलेले मिळाले. तसेच बसवू का? (एक वाचक, पनवेल)

उत्तर: अजिबात नको. धातू टिकतो, रबर टिकत नाही. पाकीट उघडलेलं नसलं तरी आतल्या रबरी वाट्या कडक झालेल्या असतात. अशा वाट्या गाडी उभी असताना ब्रेक धरतात आणि उतारावर सोडून देतात. साठवणीचं घट्ट ग्रीस रॉकेलमध्ये भिजवून काढा, मग स्पिरिटने किंवा नव्या ब्रेक ऑइलने धुवा. रॉकेलचा अंश राहिला तर नव्या वाट्याही फुगतील. सगळी रबरं, होज पाइप आणि मास्टर सिलेंडरच्या टोकाचा चेक व्हॉल्व्ह नवा घाला.

मापं अशी: मास्टर १ इंच, पुढचे व्हील सिलेंडर १ इंच, मागचे पाऊण इंच. आत गंजाचे खड्डे असतील तर होन मारून (आतून घासून) बोअर मोठा करू नका. बोअर साधारण ३ मिमी वाढवून स्टेनलेस किंवा पितळेची स्लीव्ह (आतली नळी) दाबून बसवा आणि ती मूळ मापाला होन करून घ्या. मग तेलाचं आणि हवा काढायचं भोक पुन्हा पाडा. मास्टरमध्ये पिस्टनच्या वाटीच्या अगदी पुढे एक बारीक भोक असतं, साधारण ०.७ मिमीचं. स्लीव्ह घालणारे ते पाडायला विसरतात किंवा पाडून आतली धार तशीच ठेवतात. भोक नसेल तर ब्रेक तापून जाम होतात. धार राहिली तर ती वाटी कापते. काम परत घेताना बारीक तार घालून ते स्वतः तपासा.

याच नियमाने पाकिटातले जुने कंडेन्सर, कॉर्कची गॅस्केट आणि डायफ्रॅम फक्त नमुना म्हणून घ्या. जुन्या हेड गॅस्केटमध्ये आणि ब्रेक लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ते घासू नका, हवेच्या दाबाने उडवू नका.

प्रश्न: शक्तिमान ट्रकसाठी जर्मनीहून भाग मागवता येतील का? आणि लष्कराच्या लिलावात सामान्य माणसाला भाग घेता येतो का? (एक वाचक, अहिल्यानगर)

उत्तर: शक्तिमान हा जबलपूरला परवान्यावर बनलेला एमएएन ४१५ एल१ एआर. जर्मनीत विचारताना हे पूर्ण नाव द्या. तिथे लष्करी एमएएन म्हटलं की ६३० दाखवतात. तो मोठा ट्रक, त्याचं इंजिन वेगळं. डिझेल पंपासाठी मात्र परदेशी जाऊच नका. पंपाच्या पाटीवरचा बॉशच्या पद्धतीचा पूर्ण नंबर पंप दुरुस्तीवाल्याला दिला की एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह त्यावरून काढता येतात. केबिनचा पत्रा, दरवाज्याच्या बिजागऱ्या, काचेच्या चौकटी सुट्या शोधण्यात वर्षं जातात. त्यासाठी भंगारातली अख्खी केबिन घेणं स्वस्त पडतं. जोंगा ही लष्करी गाडी असलेल्यांनीही लक्षात ठेवावं की तिचं ३९५६ सीसीचं पेट्रोल इंजिन निस्सान वनटनच्या घराण्यातलं आहे, तेव्हा वनटनचं भंगारही पाहावं.

लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर होतात. माल ‘जसा आहे, जिथे आहे’ तत्त्वावर, मोठ्या लॉटमध्ये विकला जातो आणि अनामत भरावी लागते. एका गिअरबॉक्ससाठी त्यात उतरण्यात अर्थ नाही. लॉट कुणी उचलला ते शोधून त्या व्यापाऱ्याकडे जा आणि विक्रीच्या कागदाची प्रत मागा. बिलाशिवाय लष्करी खुणेचा माल घेऊ नका. तो चोरीचा निघाला तर भाग जप्त होईल आणि चौकशी तुमच्या दारी येईल.

प्रश्न: मी न्यू जर्सीत राहतो. दिवाळीत साताऱ्याला येताना भावाच्या १९४४ च्या विलीज जीपसाठी काय आणू? (एक वाचक)

उत्तर: जे इथे मिळतं ते आणू नका. चाकांच्या बेअरिंगवर १८५९० आणि १८५२० हे नंबर असतात. एका चाकाला दोन जोड, चार चाकांना आठ. कुठलंही चांगलं बेअरिंगचं दुकान ते देतं. बोअर आणि स्ट्रोक महिंद्राच्या पेट्रोल जीपचेच असल्यामुळे रिंगा आणि बेअरिंग शेलही इथे जुळवता येतात.

आणण्याजोगं म्हणजे कार्टरचा ५३९एस कार्बोरेटर, ऑटोलाइटचा आयजीसी-४७०५ डिस्ट्रिब्युटर आणि मूळ मीटर. इथे बहुतेक जीपवरून हेच पहिल्यांदा गायब झाले. कार्बोरेटर घेताना थ्रॉटलचा दांडा वरखाली हलवून पाहा. खेळ जाणवला तर तिथून हवा शिरते आणि इंजिन आयडलिंगला कधीच स्थिर राहत नाही. दांड्याला बुश करावे लागतील. वापरलेला कार्बोरेटर पूर्ण कोरडा, पेट्रोलचा वास जाईपर्यंत धुतलेला हवा, नाहीतर विमानतळावर अडवतील. बिल जवळ ठेवा. वापरलेल्या मालाच्या आयातीवर निर्बंध आहेत, म्हणून जड भाग कुरियरने पाठवण्याआधी कस्टम एजंटाला विचारा.

विक्रेत्याला जीपच्या भागयादीचा संकेत सांगा: जी-५०३. डॉज पाऊण टनीचा जी-५०२, जीएमसी अडीच टनीचा जी-५०८. नंतरच्या काळातल्या पाकिटांवर ११ आकडी, आणि १९७४ पासून १३ आकडी साठा क्रमांक असतो. त्यातले पहिले चार आकडे वाचले तरी निम्मं काम होतं: २५२० म्हणजे गिअरबॉक्स आणि शाफ्ट, २५३० म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, अ‍ॅक्सल आणि चाकं, २९१० इंधन, २९२० इंजिनाची वीज, ३११० बेअरिंग, ५३३० सील आणि गॅस्केट.

प्रश्न: जीएमसी ट्रकसाठी मागचा अ‍ॅक्सल मिळतोय. कुठलाही चालेल का? आणि जीपचे दोन भागांचे रिम उघडायचे कसे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर: अ‍ॅक्सल दोन प्रकारचे आले. एकाची मधली पेटी उभ्या सांध्याने बोल्ट करून जोडलेली, दुसऱ्याची गोल थाळीसारखी, पुढून गोळा (डिफरन्शियल) काढता येणारी. आतले भाग एकमेकांना लागत नाहीत, तेव्हा फोटो मागवून आपल्या गाडीशी जुळवा.

रिमबाबत सावध राहा. मधले नट चाक हबला धरतात, बाहेरच्या गोलातले नट रिमचे दोन भाग जोडतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सैल केले तर रिम स्फोटासारखा उडतो आणि माणूस जागीच जातो. आधी व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढा, भोकात तार घालून ते बुजलेलं नाही याची खात्री करा, मगच पाना लावा. डाव्या बाजूच्या चाकांचे हबचे नट उलट्या आट्याचे असतात. ते सोडवताना घड्याळाच्या दिशेने फिरवा, नाहीतर स्टड तुटेल.