स्टॉपलॉस कळतो, पण पाळवत नाही

"मॅडम, अभ्यास पक्का आहे, फक्त शिस्त कमी पडते." गेल्या काही वर्षांत दादरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय, की आता समोरचा 'फक्त' म्हणाला की मी कान टवकारते. येणारे बहुतेक तिशीतले, नोकरदार, शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये, म्हणजे ठरावीक भावाने खरेदी-विक्री करण्याच्या हक्काच्या सौद्यांत, हात पोळलेले. शिस्त टॉनिकसारखी बाटलीत भरून मिळेल, अशी त्यांची अपेक्षा असते.

त्यातल्या एकाबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. त्याला समीर म्हणू. भांडुपला घर, अंधेरीत अकाउंट्सची नोकरी, बायको शिक्षिका. बाजाराचे धडे मिळाले ते लंडनच्या मावसभावाकडून. तो तिकडे स्प्रेड बेटिंग करतो. त्यात शेअर विकत घ्यायचाच नसतो. भाव चढेल की उतरेल यावर पॉइंटमागे पैसे लावायचे. पॉइंटला 5 पौंड लावले आणि निर्देशांक 60 पॉइंट उलटा फिरला, की 300 पौंड गेले. 1974 साली सोन्याच्या भावावरून तिकडे हे सुरू झालं. इथून परदेशात अशा सौद्यांच्या मार्जिनचे, म्हणजे अनामतीचे, पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. म्हणून समीरने मावसभावाचे नियम तेवढे उचलले आणि निफ्टीच्या ऑप्शन्सना लावले.

नियम चोख होते. भांडवल 3 लाख, एका सौद्यात 2 टक्क्यांवर जोखीम नाही, म्हणजे 6,000. तेव्हा लॉट, म्हणजे एका वेळी घ्यायचा कमीत कमी गठ्ठा, 75 चा होता. दोन लॉट घेतले आणि प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचा भाव, 40 रुपयांनी पडला की बरोबर 6,000 जातात. तिथे बाहेर पडायचं, हाच स्टॉपलॉस.

"मग अडतं कुठे?"

"तो भाव आला की हात चालत नाही."

पहिल्या दोन भेटींत मी भलतीकडेच शोधत होते. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या पठडीतली. माणूस 'मिळावं' म्हणतो तोवर ठीक, 'मिळायलाच हवं' म्हणाला की त्या 'च'पाशी दुखणं असतं, हे मी बावीस वर्षं पाहत आलेय. पण समीरच्या बोलण्यात जिंकण्याचा 'च' सापडेना. हरणं त्याला चालत होतं.

तिसऱ्या भेटीला मी त्याला वही आणायला सांगितली. लाल कापडी पुठ्ठ्याचं लांबट रजिस्टर, पट्टीने आखलेले रकाने, हिशेबनिसाचं अक्षर. एका गुरुवारचं, म्हणजे तेव्हा ऑप्शनची मुदत संपायची त्या एक्सपायरीच्या दिवसाचं पान उघडलं. खरेदी 180, स्टॉपलॉस 140. त्या 140 वर काट मारून 120. त्यावर काट, 95. मग रकाना कोरा. आणि पानाच्या उजव्या कोपऱ्यात, पेन्सिलीने, अगदी बारीक: 2,58,000. पुढच्या पानावर तिथेच 2,85,000. फरक 27,000, म्हणजे दीडशे गुणिले 180, सगळा प्रीमियम बुडाला होता.

"हा कोपऱ्यातला आकडा कसला?"

"काही नाही, असाच."

"प्रत्येक पानावर असाच?"

तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. मग बोलला. मुलीच्या शिक्षणासाठीची एफडी त्याने मोडली होती. खातं रोडावलं की त्यातून 3 लाखांपर्यंत भर घालायची. आजवर एकूण किती बुडाले, तो आकडा कोपऱ्यात. एफडीची मूळ मुदत मार्चमध्ये संपणार होती. "बायकोला कळायच्या आतच सगळे परत आणायचेत, मॅडम."

सापडला. मी 'च' जिंकण्यात शोधत होते, तो 'आत'वर बसला होता.

140 ला बाहेर पडणं म्हणजे त्याच्या लेखी 6,000 सोडणं नव्हतंच. कोपऱ्यात 2,64,000 लिहिणं होतं, मार्च तेवढा जवळ येणं होतं. त्याच्या नियमांत 2 टक्के होते, पण या आकड्याला रकाना नव्हता. काहनेमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलंय की तोट्यात असलेला माणूस तो भरून काढायला एरवी घेणार नाही अशी जोखीम घेतो. माझी त्यात एक भर: तोटा लपवलेला असेल तर तो आणखी बेफाम होतो. हे मला पुस्तकाने नाही, त्या पेन्सिलीने शिकवलं.

"आधी थोडे परत आणतो, मग तिला सांगतो."

"हाही सौदाच झाला, समीर. याचा स्टॉपलॉस कुठे लावलाय?"

त्या रविवारी त्याने बायकोला सांगितलं. घरात महाभारत झालं. पुढच्या भेटीला ती सोबत आली तेव्हा पैशांबद्दल कमी बोलली. "मी रोज विचारायचे, काय झालंय? हा म्हणायचा, काही नाही." आठ महिन्यांचं ते 'काही नाही' तिला जास्त लागलं होतं.

म्हणून शिस्त मागायला येणाऱ्याला मी आधी विचारते, घरात कुणालाच माहीत नाही असा आकडा आहे का? असेल तर सौदे बंद. तो आकडा शाईने लिहायचा आणि एका माणसाला दाखवायचा. कर्ज काढून ट्रेडिंग नाही. स्टॉपलॉस डोक्यात ठेवायचा नाही, सौद्याबरोबरच सिस्टिममध्ये टाकायचा. आणि हे सगळं करूनही जिंकालच असं नाही. सेबीच्या 2024 च्या अहवालात फ्युचर्स-ऑप्शन्समधले 93 टक्के वैयक्तिक ट्रेडर तीन वर्षांत तोट्यात निघाले. ते सगळेच बेशिस्त नसणार. मला विचाराल तर बहुतेकांनी या वाटेला जाऊ नये, पण हे ऐकायला कुणी फी भरत नाही. कर्जापायी जीव नकोसा होत असेल तर मात्र माझ्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, तो मोफत आहे.

जूनमध्ये समीर पुन्हा आला. दरमहा 8,000 ची रिकरिंग सुरू केली होती. जरा चाचरत म्हणाला, "एका लॉटने पुन्हा सुरू करू का?"

"घरी विचारलंत?"

"अजून नाही."

मी डायरी उघडली आणि पुढच्या बुधवारी दोघांची वेळ लिहिली.