पाकीट उघड, दार उघडू नकोस

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री पावणेदोनचा मेसेज सकाळी चहा टाकताना वाचला. सोबतचा फोटो मोठा करून दोनदा पाहिला. वर ठळक अक्षरांत ‘नोटीस ऑफ एन्फोर्समेंट’, म्हणजे वसुलीची नोटीस, खाली थकलेल्या काउन्सिल टॅक्सचा १,४४५ पौंडांचा आकडा, आणि त्याखाली तुझा प्रश्न : “काकू, पोलीस येणार का?” नाही येणार. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू ‘हो हो’ म्हणतोस आणि विसरतोस. म्हणून लिहिते आहे. कागद जवळ ठेव.

आधी त्या न फोडलेल्या पाकिटांबद्दल. डिसेंबरपासून फ्रिजवर साठवलीस आणि म्हणतोस, “मला वाटलं घरमालकाची असतील.” मला ते खोटं वाटत नाही. आपल्याकडे घरपट्टी मालक भरतो; भाडेकरूनं तिची पावती कधी पाहिलेलीही नसते. इथे इंग्लंडात काउन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक काउन्सिलचा घरावरचा कर, घरात राहणाऱ्यावर बसतो. खोल्या वेगवेगळ्या करारांनी भाड्यानं दिल्या असतील तर तो मालकाकडे जातो, पण तुम्हा तिघांचा करार एकच आहे, तेव्हा ती वाट बंद. हा कर १९९३ साली आला. त्याआधीच्या पोल टॅक्सवरून, म्हणजे माणशी बसणाऱ्या करावरून, १९९० मध्ये लंडनच्या रस्त्यांवर दंगल झाली होती. नव्या करासाठी इंग्लंडात घराचा बँड, म्हणजे कराची पायरी, ठरवायला १ एप्रिल १९९१ ची किंमत धरली, ती आजही तीच धरतात. तुझ्या जन्माआधीच्या बाजारभावावर तू आज कर भरणार आहेस. वेल्समध्ये तरी मध्ये एकदा नव्यानं मोजलं, इंग्लंडात कुणी त्या पोळ्याला हात लावत नाही.

आज रात्री सगळी पाकिटं फोड आणि तारखेप्रमाणे लाव. क्रम असा दिसेल : बिल, मग रिमाइंडर, सात दिवसांची मुदत, मग ‘हप्ते बंद, सगळी रक्कम एकदम द्या’, मग मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स. त्या कोर्टात तू गेला नाहीस म्हणून लाज वाटते आहे तुला. गेला असतास तर एका सकाळी शेकडो नावांची यादी आणि काउन्सिलचा एक माणूस दिसला असता. ‘तुला परवडतं का’ हे तिथे विचारतच नाहीत. कर लागू आहे का आणि भरला आहे का, एवढंच. तिथून मिळाली ती लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे ‘हा कर याच्याकडून येणं आहे’ असा कोर्टाचा आदेश. तो गुन्हा नव्हे. तुझ्या क्रेडिट फाइलवरही ती चढत नाही. तुझा रूममेट जेलचं बोलला, ते अगदीच हवेतलं नाही : इंग्लंडच्या कायद्यात तीन महिन्यांपर्यंतची तरतूद अजून आहे. पण त्यासाठी वेगळी सुनावणी लागते, आणि पैसे असून मुद्दाम बुडवले किंवा अक्षम्य हयगय केली हे तिथे ठरावं लागतं. वेल्सनं तर २०१९ मध्ये ती तरतूद काढूनच टाकली. तू त्या गोष्टीपासून मैलोगणती लांब आहेस. आणि एडिनबरोतल्या मित्राचे सल्ले तूर्त बाजूला ठेव. स्कॉटलंडमध्ये वसुलीला शेरीफ ऑफिसर असतात, तिथली रीत निराळी.

आता हिशेब. यात तुझे खरे पैसे अडकलेत, म्हणून सावकाश वाच.

बिल १ ऑगस्टपासून ३१ मार्चपर्यंतचं आहे. महिना १६० प्रमाणे आठ महिने, १,२८०. कोर्टाचा खर्च ९०. या नोटिशीचे ७५. झाले १,४४५. पण तुझा कोर्स कधी संपला? तू म्हणालास डिसर्टेशन ऑगस्टमध्ये दिलंस. डिसर्टेशन दिल्याची तारीख इथे चालत नाही, युनिव्हर्सिटीच्या दप्तरी कोर्स संपल्याची तारीख चालते. बऱ्याच मास्टर्सची ती सप्टेंबरमध्ये असते. तुझी ३० सप्टेंबर निघाली, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तुम्ही तिघेही पूर्णवेळ विद्यार्थी होता, आणि फक्त विद्यार्थी राहतात त्या घराला कर माफ असतो. दोन महिने तिथेच गेले. १ ऑक्टोबरपासून तू विद्यार्थी नाहीस, ते दोघे आहेत. कर मोजताना त्या दोघांना धरत नाहीत, म्हणजे कागदोपत्री घरात मोठं माणूस एकच, तू. त्यावर पंचवीस टक्के सूट. सहा महिन्यांचे ९६०, सूट जाऊन ७२०.

१,२८० च्या जागी ७२०. काउन्सिलनं तुला फसवलं नाही, बाळा. तिला कुणी कळवलंच नाही. पाकिटं फ्रिजवर होती.

तू विचारशील, ते दोघे त्यात वाटा देतील का? कायद्यानं नाही. एकाच करारावर विद्यार्थी आणि बिगरविद्यार्थी राहत असतील, तर बिल बिगरविद्यार्थ्याच्या एकट्याच्या नावावर येतं. मैत्रीखातर देणार असतील तर घे, नाहीतर त्यावरून घरात भांडण काढू नकोस. खरं तर ग्रॅज्युएट व्हिसावर, म्हणजे शिक्षणानंतर इथे राहण्याच्या व्हिसावर, आलेल्या मुलानं नवं घर घेताना हा विचार आधी करायचा असतो, पण हे तुला कोण सांगणार होतं? मीसुद्धा नाही सांगितलं.

तेव्हा उद्याचं पहिलं काम युनिव्हर्सिटीचं. कोर्स सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख असलेलं काउन्सिल टॅक्सचं पत्र माग, दोघा रूममेटांनाही आपापलं मागायला लाव. दुसरं काम काउन्सिलचं : लेखी कळव की बिल चुकलं आहे, ही पत्रं जोडली आहेत, माफी आणि सूट मागच्या तारखेपासून लावा, आणि तोवर एन्फोर्समेंट कंपनीकडची फाइल थांबवा. कंपनीला त्याच मेलची प्रत टाक. काउन्सिल तिचं काम कधीही थांबवू शकते. ‘आता ते आमच्या हातात नाही’ असं फोनवरची मुलगी म्हणेल, तिला नम्रपणे पुन्हा विचार. कोर्टाचे ९० आणि हे ७५ सोडतील का, तेही त्याच मेलमध्ये माग; मागायला पैसे पडत नाहीत. काउन्सिलनं नकार दिला किंवा दोन महिन्यांत उत्तरच दिलं नाही, तर व्हॅल्युएशन ट्रिब्युनलकडे, म्हणजे या करांचे वाद ऐकणाऱ्या न्यायमंडळाकडे, दाद मागता येते, फुकट. तोवर ७२० मधले जमतील तेवढे भरत राहा, पावती ठेव. ‘चूक काढतो आहे आणि देतोही आहे’ अशा माणसाशी बोलणं काउन्सिललाही सोपं जातं.

आता त्या माणसाबद्दल, ज्याच्या भीतीनं तू झोपला नाहीस.

बेलीफ हा शब्द तुला परका नाही. आमच्या सांगलीत बेलीफ म्हणजे कोर्टाचा माणूस, समन्स घेऊन सायकलवरून यायचा, आजोबा त्याला ओट्यावर बसवून पाणी द्यायचे. इथला बेलीफ थकबाकी वसूल करायला, नाहीतर सामान जप्त करायला येतो. २०१४ पासून कागदावर त्याला एन्फोर्समेंट एजंट म्हणतात, पण लोक बेलीफच म्हणतात. काउन्सिल टॅक्सवाला बेलीफ बहुधा खाजगी कंपनीचा असतो आणि त्या कंपनीचं पोट तुझ्याकडून वसूल होणाऱ्या फीवर चालतं. २०१४ च्या नियमांत ठरलेले मूळ दर असे : कागद पाठवला की ७५ पौंड. माणूस दाराशी आला की आणखी २३५, थकबाकी १,५०० च्या वर असेल तर वरच्या रकमेवर साडेसात टक्के. सामान विक्रीला काढलं की ११०. म्हणजे तू अजून पहिल्याच पायरीवर आहेस आणि दुसरी पायरी तिच्या तिप्पट महाग आहे. नोटिशीनंतर सात पूर्ण दिवस मिळतात, रविवार आणि बँक हॉलिडे सोडून. शेवटची तारीख कागदावर आहे. तिच्या आत काउन्सिलला आणि कंपनीला तुझा मेल पोचलाच पाहिजे.

आणि तरीही तो आलाच तर?

२००३ मध्ये काकांची नोकरी गेली होती. माझी मुलगी चार वर्षांची. सकाळी आठला बेल वाजली, दारात सूट घातलेला, अगदी सभ्य बोलणारा माणूस. म्हणाला, “दारात उभं राहून अशा गोष्टी कशाला बोलायच्या, शेजारी ऐकतील.” झालं. मी म्हटलं, या, बसा. चहा केला. त्यानं चहा घेतला, मग वही काढली आणि टीव्ही, म्युझिक सिस्टिम, जेवणाच्या खोलीतलं कपाट लिहून घेतलं. मला सही करायला सांगितली. तेव्हा त्या कागदाला वॉकिंग पझेशन म्हणत : सामान घरातच, पण जप्तीखाली. मला वाटलं, भेट दिल्याची सही असेल. पुढचे दीड वर्ष एक हप्ता चुकला की फोन यायचा : आता आम्ही दार तोडूनही येऊ शकतो. आणि ते खरं होतं, कारण पहिल्यांदा मीच त्याला आत घेतलं होतं. इतकी वर्षं झाली, मला त्या बिलापेक्षा तो चहा जास्त सलतो.

नियम बदलले, शब्द बदलले, वॉकिंग पझेशनचं कंट्रोल्ड गुड्स अ‍ॅग्रीमेंट झालं, पण गाठ तीच आहे. काउन्सिल टॅक्ससाठी पहिल्या भेटीत त्याला कुलूप तोडून किंवा ढकलून आत येता येत नाही. खिडकीतून नाही, कुंपणावरून उडी मारून नाही. सकाळी सहाच्या आधी आणि रात्री नऊनंतर सहसा नाही. उघड्या किंवा कुलूप नसलेल्या दारातून मात्र तो शांतपणे चालत येऊ शकतो, तेव्हा मागचं दारही लावून ठेव. एकदा आत येऊन त्यानं सामानाची यादी केली आणि तू सही केलीस, की मग ठरलेले पैसे चुकल्यावर पुढच्या खेपेला जबरदस्तीनं येण्याचा हक्क त्याला मिळतो. म्हणून दार उघडायचं नाही. बंद दाराआडून किंवा वरच्या खिडकीतून बोल, ओळखपत्र काचेला लावायला सांग, मोबाइलवर रेकॉर्ड कर. ‘टॉयलेट वापरू का’, ‘जरा पाणी मिळेल का’, ‘एक फोन करायचाय’, काहीही म्हणू दे. दारात आलेल्याला पाणी न विचारणं तुझ्या आईनं शिकवलेलं नाही, मला ठाऊक आहे. या एका माणसापुरतं ते विसर. रूममेटांनाही आजच सांगून ठेव, कारण दार बहुधा तेच उघडतील.

तुझी ती जुनी कोर्सा गाडी मात्र रस्त्यावर उभी असते. गाडीला क्लॅम्प, म्हणजे चाकाला कुलूप, लावायला त्याला घरात यावं लागत नाही. कामासाठी लागणारी हत्यारं-साधनं एकूण १,३५० पौंडांपर्यंत सोडावी लागतात, त्यात गाडी बसवता येईल, पण आधी क्लॅम्प आणि मग वाद, असा क्रम असतो. महिनाभर आमच्या ड्राइव्हवर आणून लाव. लॅपटॉपही त्याच साडेतेराशेत मोजतात. फ्रिज, शेगडी, वॉशिंग मशीन, पलंग, फोन यांना हात लावता येत नाही. रूममेटांचं सामान तुझ्या कर्जापोटी नेता येत नाही, तरी त्यांच्या वस्तूंच्या पावत्या हाताशी असू देत.

एक गोष्ट खास व्हिसावाल्यांची, आणि ती इंग्रजी सल्ल्यांत सहसा तळटिपेत असते. इंटरनेटवर सगळे सांगतील, ‘काउन्सिल टॅक्स रिडक्शनचा अर्ज कर’. तू करू नकोस. ती कमी उत्पन्नाची मदत ‘पब्लिक फंड्स’मध्ये, म्हणजे सरकारी मदतीत, मोडते आणि तुझ्या व्हिसावर पब्लिक फंड्सना मनाई आहे. पंचवीस टक्क्यांची सूट आणि विद्यार्थ्यांची माफी त्यात येत नाही, ती निर्धास्तपणे माग. दोन्हींची नावं सारखी वाटतात म्हणून फॉर्मवर खूण करताना डोळे उघडे ठेव.

७२० सुद्धा एकदम जमणार नाहीत, हे मला माहीत आहे. काउन्सिलला आकडा देण्याआधी महिन्याचा खर्च कागदावर मांड आणि पाळता येईल तेवढंच बोल. घाबरून महिना २०० कबूल करायचे आणि दुसऱ्या महिन्यात चुकायचं, हा खेळ मी सल्लाकेंद्रात पुष्कळदा पाहिला. कार्डांची कर्जंही असतील (असतील तर मला आत्ताच सांग), तर ‘ब्रीदिंग स्पेस’ म्हणून सोय आहे, मे २०२१ पासून इंग्लंड-वेल्समध्ये : साठ दिवस वसुली थांबते, बेलीफसुद्धा. तो अर्ज कर्ज-सल्लागारामार्फतच होतो. नॅशनल डेटलाइन, स्टेपचेंज, सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस, सगळे फुकट. यासाठी फी मागणाऱ्या कुणाच्याही नादी लागू नकोस.

आईला सांगितलं नाहीस, असं शेवटच्या ओळीत लिहिलंस. ते तुझं तू ठरव, माझ्याकडून जाणार नाही. शनिवारी अकराला ये, पाकिटं सगळी आण, रिकामीसुद्धा. त्यांवरच्या शिक्क्यांच्या तारखा कधीकधी कामाला येतात. थालीपीठ लावते.

तुझी,
काकू

ता. क. : या आठवड्यात कुणी फोन करून ‘मी बेलीफ बोलतोय, तासाभरात या खात्यात पैसे टाका’ म्हणालं, तर ठेवून दे. सर्टिफाइड बेलीफांची सरकारी यादी ऑनलाइन आहे, नाव तिथे शोध, आणि नोटिशीवरच्या नंबरलाच आपण फोन करायचा.