युद्धविरामावर तटस्थ देशांचा आयोग नेमतात, त्याला खरंच काही अधिकार असतो का?

लातूरला एमपीएससीची तयारी करताना तुम्हाला हा प्रश्न पडला, तो रास्त आहे. युद्धविराम मोडणाऱ्याला आयोग अडवू शकत नाही. त्याने पाहायचं, मोजायचं आणि कळवायचं. तेही कितपत जमेल, हे करार लिहितानाच ठरून जातं.

कोरियाचं बघा. २७ जुलै १९५३ च्या करारात देखरेख आयोगावर एका बाजूने स्वीडन आणि स्वित्झर्लंड नेमले, दुसऱ्या बाजूने पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. ज्याचं सैन्य कोरियात लढलं नाही तो तटस्थ, एवढीच अट होती. बांधाच्या वादात दोन्ही भावांनी दोन-दोन पंच आणावेत आणि पाचवा कुणी नसावा, तशी ही गत. महत्त्वाच्या तक्रारींवर मतं दोन-दोन पडायची.

नियम मात्र काटेकोर होते. नवी शस्त्रं आणायची नाहीत. मोडलेली, झिजलेली किंवा वापरून संपलेली तेवढीच बदलायची, नगाला नग, त्याच प्रकारचा आणि त्याच ताकदीचा. सैनिकांची बदली महिन्याला जास्तीत जास्त ३५,०००. ये-जा ठरलेल्या दहा ठिकाणांहूनच: उत्तरेत सिनुइजूसारखी पाच, दक्षिणेत इंचॉन, पुसानसारखी पाच. तिथं प्रत्येकी एक पथक, शिवाय दहा फिरती. पथकात किमान चार अधिकारी, निम्मे-निम्मे. घोडं अडलं ते इथंच. दक्षिणेचा पुरवठा समुद्रातून यायचा, तो बंदरात मोजता येई. उत्तरेला चीनची लांबच लांब सरहद्द लागून. ठरलेलं ठिकाण चुकवून आलेला माल पथकाला दिसणार कसा? १९५६ मध्ये पथकं मागं घेतली, १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कमांडने, म्हणजे दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजांनी, शस्त्रबंदीची अट आपल्यापुरती झुगारली.

युद्धकैद्यांचा आयोग वेगळा, परीक्षेत गल्लत करू नका. तिथं तेच चार देश आणि पाचवा भारत, जनरल थिमय्या अध्यक्ष. निर्णय बहुमताने, आणि कैद्यांवर पहारा फक्त भारतीय फौजेचा, आपल्या मराठी मुलखातल्या मेजर जनरल थोरातांच्या हाताखाली. माझ्या मते या दोन गोष्टींमुळेच तो आयोग काम उरकू शकला. मायदेशी जायला नकार देणारे २२,००० हून अधिक कैदी सांभाळणं सोपं नव्हतं.

पण विषम संख्या पुरेशी नसते. १९५४ मध्ये व्हिएतनामसाठी भारत, कॅनडा, पोलंड असे तिघे होते. तरी पुन्हा लढाई पेटवू शकेल अशा उल्लंघनावर करारानेच एकमताची अट घातली होती, म्हणजे नेमक्या गंभीर प्रकरणात एकट्या देशाचा नकार पुरेसा होता.