वाचकांचे प्रश्न: इकोच्या रिपोर्टमधले आकडे

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, आम्ही सहकारनगरला राहतो, वडील ७४ वर्षांचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी फिटनेस घ्यायला गेलो तर फिजिशियनना छातीत मर्मर (हार्टचा जादा आवाज) ऐकू आला, म्हणून टू-डी इको (हार्टची सोनोग्राफी) केला. रिपोर्टमध्ये सिव्हिअर एऑर्टिक स्टेनोसिस लिहिलंय, पीक व्हेलॉसिटी ४.३, मीन ग्रेडियंट ४६, व्हॉल्व एरिया ०.८, ईएफ ६०%. बाबा म्हणतात मला काही त्रास नाही, रोज पर्वती चढतो, हल्ली फक्त मधे एकदोनदा टेकावं लागतं, वय झालं. शेजारचे काका म्हणतात ईएफ ६० म्हणजे हार्ट साठ टक्केच चालतंय. आम्ही पुरते गोंधळलोय.

उत्तर: एऑर्टिक स्टेनोसिस म्हणजे हार्टमधून अंगभर रक्त जातं त्या तोंडावरची झडप अरुंद होणं. आधी शेजारच्या काकांचं बघू. ईएफ म्हणजे डावा कप्पा भरल्यावर त्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं ते. शंभर कुणाचंच नसतं, ५५ ते ७० च्या आसपास नॉर्मल, म्हणजे बाबांचा पंप चांगला आहे. पण पंप चांगला म्हणून झडप चांगली असं नाही हो! झडप अरुंद झाली की स्नायू जाड होतो आणि वर्षानुवर्षं जोर लावून वेळ निभावून नेतो, ईएफ घसरतो तो फार उशिरा.

तुमच्या रिपोर्टमधला खरा आकडा ४.३. बागेत पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात उडते ना, तसं झडपेचं तोंड लहान झालं की रक्त वेगाने निघतं आणि इकोमधला डॉप्लर (आवाजाच्या लहरींनी वेग मोजायची पद्धत) तो वेग मोजतो, सेकंदाला ४.३ मीटर. वेगाचा वर्ग करून चारने गुणलं की झडपेच्या अलीकडे-पलीकडे प्रेशरचा जास्तीत जास्त फरक किती ते कळतं, बाबांचा साधारण ७४ (बीपीसारखंच, पाऱ्याचे मिलिमीटर) येतो, आणि त्याची सरासरी ४६. वेग ४ किंवा जास्त, सरासरी ४० किंवा जास्त, एरिया १ चौरस सेंटिमीटर किंवा कमी, याला सिव्हिअर म्हणतात (नॉर्मल झडप ३ ते ४ ची असते). तुमच्याकडे तिन्ही आकडे एकच सांगतायत. कधीकधी ते जुळत नाहीत, हार्ट दमलेलं असलं तर वेगच कमी भरतो, मग डोब्युटामिन (हार्टचा जोर वाढवणारं औषध) देऊन पुन्हा इको नाहीतर सीटी करून झडपेतलं कॅल्शियम बघावं लागतं. आणि प्रोब (छातीवर फिरवतात तो दांडा) रक्ताच्या धारेच्या सरळ रेषेत नसेल तरीही वेग कमीच दिसतो, म्हणून चांगला इको करणारा कुशीवर वळवतो, छातीच्या उजवीकडून बघतो, गळ्याखालच्या खळगीतूनही बघतो. वेळ लागला तर कुरकुर करू नका.

आता पर्वती. जो माणूस एका दमात चढायचा तो आता मधे टेकतोय आणि झडप एवढी अरुंद आहे, तर मी याला वय म्हणणार नाही, हे लक्षणच धरायचं. छातीवर दाब, चढताना घेरी हेही खोदून विचारा, आपल्याकडचे आजोबा सांगत नाहीत. ही झडप गोळ्यांनी उघडत नाही, ऑपरेशन करून बदलायची किंवा टावीने, म्हणजे मांडीच्या नसेतून नळी घालून नवी झडप बसवायची. कोणतं ते कार्डिऑलॉजिस्ट ठरवतील, पण याच आठवड्यात दाखवा, मोतीबिंदूचं त्यांना विचारूनच. तोवर पर्वती बंद, आणि कुठल्यातरी पॅकेजात आहे म्हणून ट्रेडमिल टेस्ट तर अजिबात नको.

प्रश्न: वय २९, हिंजवडीत जॉब. कंपनीच्या चेकअपमध्ये ट्रिव्हियल एमआर, ट्रिव्हियल टीआर आलंय. गूगल करून झोप उडाली.

उत्तर: झोपा. एमआर म्हणजे मायट्रल आणि टीआर म्हणजे ट्रायकस्पिड झडपेतून रक्त मागे गळणं, ट्रिव्हियल म्हणजे नगण्य. झडप बंद होताना इतकी बारीकशी गळती धडधाकट माणसांतही सर्रास दिसते, मशीन तेवढी चांगली झालीयेत. टीआरच्या त्या धारेवरून तर आम्ही फुप्फुसाकडचं प्रेशर काढतो, म्हणजे कामाचीच. झडपेची ठेवण नॉर्मल लिहिली असेल तर दरवर्षी इको करत बसू नका.

प्रश्न: बहीण ३८ वर्षांची, हडपसरला असते. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, आता मायट्रल स्टेनोसिस (हार्टच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप अरुंद), एरिया १.१. बलून (फुग्याने झडप रुंद करणं) करायचं ठरलंय पण आधी टीईई (अन्ननलिकेतून इको) सांगितलाय, नळी गिळायच्या विचारानेच ती घाबरलीये. एक इको झालाय, मग परत कशाला?

उत्तर: कारण डावा वरचा कप्पा अन्ननलिकेला चिकटूनच असतो आणि त्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या पिशवीत गुठळी आहे का ते छातीवरून नीट दिसत नाही. गुठळी असताना आत वायर फिरवली आणि ती सुटून मेंदूत गेली तर पॅरॅलिसिस. त्यामुळे ही टेस्ट टाळायची नाही. (१९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे डॉ. एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी धातूतल्या भेगा शोधायच्या मशीनने हार्ट बघायला सुरुवात केली, आणि एडलरना बघायची होती ती हीच मायट्रल झडप.)

साधारण सहा तास उपाशी, घशात बधिर करायचा स्प्रे, थोडं झोपेचं औषध, आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत काम होतं. गिळताना आधीपासून अडकत असेल, दात हलत असतील किंवा कवळी असेल तर आधीच सांगा. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाणीसुद्धा नको, आणि सोबत कुणीतरी जा, टेस्टनंतर तिने त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही.