रेडियल आर्म सॉ ओढताना पातं अंगावर धावून येतं, काय करू?

बहुधा तुमच्या यंत्रावर टेबल सॉचं (टेबलातून पातं वर येणाऱ्या करवतीचं) पातं बसवलेलं आहे; ते काढून शून्य ते उणे ५ अंश हुक अँगलचं (म्हणजे दात पुढे किती झुकलेत त्या कोनाचं) पातं लावा, धावणं बरंच कमी होईल. आडवं कापताना पात्याचे खालचे दात तुमच्यापासून दूर, फेन्सकडे (लाकूड टेकवायच्या मागच्या पट्टीकडे) फिरतात. त्यामुळे लाकूड फेन्सला दाबलं जातं, हे चांगलंच, पण त्याच जोरावर पातं लाकडावर चढत तुमच्याकडे येतं. पुढे झुकलेले दात घास मोठा घेतात आणि मग मोटर अडकते किंवा कॅरेज (मोटर आणि पातं वाहणारा सरकता भाग) उसळून येतं. म्हणून हात ताठ ठेवा; कॅरेज ओढायचं नाही, रोखत रोखत पुढे येऊ द्यायचं. कॅरेजचे बेअरिंग सैल नाहीत ना, तेही बघा.

आर्मचं (कॅरेज ज्यावरून सरकतं त्या दांड्याचं) पुढचं टोक मागच्यापेक्षा किंचित उंच ठेवा, म्हणजे हात सुटला तरी कॅरेज हळूच मागे जाईल. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमांत (१९१०.२१३) हीच अट आहे. लाकूड धरणारा हात पात्याच्या रेषेत कधीही नको, आणि कॅरेज फेन्समागे जाऊन पातं थांबल्याशिवाय तुकडा उचलू नका.

हे सगळं फक्त आडव्या कापासाठी. उभं चिरताना कॅरेज लॉक असतं आणि फळी पात्याच्या फिरण्याविरुद्ध सरकवायची असते. उलट बाजूने घातली तर पातं ती खेचून भिरकावतं, मागून हातही ओढला जाऊ शकतो. खरं सांगायचं तर, टेबल सॉ हाताशी असेल तर चिरण्याचं काम त्यावरच करा.